‘करवियलें’ : सार्वजनिक शिल्पाचे नियोजन, निर्मिती आणि जपणूक

संस्थेचा सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांचा जमाखर्च समाजापुढे ठेवण्याचा प्रसंग. आपल्या ट्रस्टच्या या मंगल वर्षात गावाला कायम दिसत राहील असे काही उभारावे, अशी इच्छा अनेक श्रावक-श्राविकांनी बोलून दाखविली आहे. कोणी कीर्तिस्तंभ सुचवितात, कोणी चौकातील शिल्प, तर कोणी मंदिराच्या आवारात पाषाणातील कथाचित्रे. भावना स्तुत्यच आहे. तथापि घरातील चित्र आणि उघड्या आकाशाखालचे शिल्प यांत मोठे अंतर असते. चित्र आवडेनासे झाले तर भिंतीवरून उतरविता येते. शिल्प मात्र ऊन, पाऊस आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या नजरा झेलीत उभे राहते. म्हणून असे कार्य हाती घेण्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी ते कसे केले, हे पाहणे अगत्याचे वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

या इतिहासाचा प्रारंभ मी एका क्रियापदापासून करणार आहे. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या पायांशी नागरी लिपीत कोरलेली एक ओळ मराठी शाळकरी मुलालाही ठाऊक असते : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. चावुंडरायाने हे करविले, एवढाच तिचा अर्थ. येथे ‘केले’ नाही, ‘करविले’ आहे. व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. स्वतःच्या हातांनी न करता दुसऱ्याकडून करवून घेणे, असा त्याचा भाव. सार्वजनिक कलाकृतीचा सारा इतिहास या एका प्रत्ययात साठवलेला आहे, असे मला वाटते. करविणाऱ्याने नेमके काय करायचे असते?

जागा, पाषाण आणि माप

चावुंडराय हा गंग राजा राचमल्ल (चतुर्थ) याचा मंत्री आणि सेनापती. तो विद्वानही होता. त्याचे कन्नड गद्यातील ‘चावुंडरायपुराण’ इ. स. ९७८ मधील आहे. या ग्रंथात मूर्तीचा उल्लेख नाही, यावरून मूर्ती त्यानंतर घडली असे अभ्यासक अनुमान करतात. मूर्तिप्रतिष्ठेचे वर्ष सामान्यतः इ. स. ९८१ धरले जाते आणि त्यानुसारच १९८१ साली सहस्राब्दी महोत्सव साजरा झाला.

त्याचा पहिला निर्णय जागेचा होता. विंध्यगिरी हा एकसंध ग्रॅनाइटचा डोंगर. शिखरावर पोहोचण्यासाठी खडकात खोदलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. मूर्ती अन्यत्र घडवून वर नेण्याऐवजी शिखराचाच पाषाण मूर्तीसाठी निवडला गेला. या एका निर्णयाने वाहतुकीचा प्रश्नच उरला नाही; पाया भरण्याचे कारण नाही, कारण डोंगर हाच पाया; आणि कित्येक मैलांवरून दर्शन घडावे हा हेतूही साधला. यात जोखीमही तेवढीच मोठी होती. कापड चुकीचे फाडले गेले तर जोड देता येतो, निदान तुकड्यांच्या भावाने ते विकता तरी येते. डोंगराच्या माथ्यावर छिन्नीने उडालेली कपची पुन्हा बसविता येत नाही. म्हणजे पहिला घाव पडण्यापूर्वी संपूर्ण मूर्ती कोणाच्या तरी मनात मापासह पूर्ण झालेली असली पाहिजे.

मूर्तीची उंची ५७ ते ५८ फूट, खांद्यांची रुंदी सुमारे २६ फूट आणि पाऊल सुमारे ९ फूट लांब आहे. मांड्यांच्या वर तिला मागून कसलाही आधार नाही. खालच्या भागात मात्र दोन्ही बाजूंस वारुळे कोरलेली असून त्यांतून सर्प डोकावतात, आणि माधवीची वेल पायांवरून बाहूंवर चढत जाते. बाहुबलींनी वर्षभर कायोत्सर्गात उभे राहून तप केले, देहाभोवती वारुळे वाढली, वेली चढल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कथेतील हीच वारुळे पाषाणात मूर्तीच्या पायांना भक्कम टेकू देतात. भक्ताला तेथे तपश्चर्या दिसते, तर स्थापत्य जाणणाऱ्याला भार पेलण्याची युक्ती. उत्तम सार्वजनिक शिल्पात आशय आणि बांधणी यांची अशी एकरूपता असते. आशय एका बाजूला आणि लोखंडी टेकू दुसऱ्या बाजूला, असे घडले की ते शिल्प वर्षभरातच केविलवाणे दिसू लागते.

सुमारे ११८० च्या सुमारास बोप्पण नावाच्या कन्नड कवीने येथील शिलालेखात या मूर्तीची जी थोरवी गायिली आहे, तिचा आशय आजही कसोटीसारखा वापरता येतो. मूर्ती फार उंच असली की सौंदर्य हरवते. उंची आणि सौंदर्य दोन्ही साधली तरी दिव्यत्व येईलच असे नाही. येथे तिन्ही एकत्र नांदतात, असे तो म्हणतो. आज स्मारकाची चर्चा बहुधा ‘किती फूट?’ या प्रश्नापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या कवीला उंची ही तीन गुणांपैकी केवळ पहिली पायरी वाटत होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तीन भाषा, एक क्रियापद

मूर्तीच्या पायांशी चावुंडरायाचे नाव मराठीप्रमाणेच कन्नड आणि तमिळ भाषांतही कोरलेले आहे. कन्नडात ‘माडिसिदं’, तमिळात ‘सेय्वित्तान्’ आणि मराठीत ‘करवियलें’. तिन्ही भाषांतील क्रियापदे प्रयोजकच आहेत. राज्याची भाषा कन्नड असताना अन्य दोन भाषा का कोरल्या गेल्या असतील? तमिळ आणि मराठी मुलखांतून येणारा यात्रेकरू तेथे उभा राहणार, त्यालाही वाचता यावे, हेच त्याचे कारण दिसते. सार्वजनिक कलाकृती कोणासाठी आहे, हे ती उभारणाऱ्याने आधी ठरवावे लागते. या ओळींत ते ठरविलेले दिसते.

ही मराठी ओळ परंपरेने मराठीतील आद्य शिलालेख मानली गेली. पुढे अभ्यासकांनी अक्षरांचे वळण तपासून, ती मूर्तीच्या काळातील नसून इ. स. १११७ च्या सुमारास कोरली असावी, असे मत मांडले. तसे मानल्यास रायगड जिल्ह्यातील आक्षी येथील शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख तिच्याहून जुना ठरतो. आद्यत्वाचा मान कोणाकडे जावा, हा विद्वानांचा विषय आहे. मला मात्र या संशोधनातून निघणारी दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते, आणि ती समजण्यासाठी शेजारची ओळ वाचावी लागते.

गंगराजाची ओळ

ती ओळ अशी : ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती. ‘सुत्तालय’ म्हणजे मूर्तीच्या सभोवतालचा ओवऱ्यांचा वेढा. चावुंडरायानंतर सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी गंगराजाने मूर्तीच्या भोवती ही बांधणी केली. त्याने नवी, अधिक उंच मूर्ती करविली नाही. होती त्या मूर्तीचा परिसर बांधून काढला.

आता अभ्यासकांचे मत ग्राह्य धरू. दोन्ही मराठी ओळी गंगराजाच्या काळातील असतील, तर त्याचा अर्थ असा की, जीर्णोद्धार किंवा विस्तार करणाऱ्याने आधी मूळ निर्मात्याचे नाव नव्या वाचकांच्या भाषेत कोरविले आणि मग आपले. दोघांसाठी क्रियापद मात्र एकच ठेवले. सभोवार ओवऱ्या बांधणाऱ्याचे काम मूर्ती घडविणाऱ्याच्या पंक्तीला बसले, आणि तरीही पहिल्याचे नाव पुसले गेले नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार झाला की जुन्या दात्यांचा संगमरवरी फलक काढून अडगळीत ठेवण्याची आणि तेथे नवा फलक बसविण्याची रीत मी ठिकठिकाणी पाहिली आहे. त्या रीतीला गंगराजाची ही ओळ नऊशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन गेली आहे.

जपणुकीची दुसरी व्यवस्था म्हणजे महामस्तकाभिषेक. त्याचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख इ. स. १३९८ चा आहे. सामान्यतः बारा वर्षांनी होणारा हा सोहळा अलीकडे १९८१, १९९३, २००६ आणि २०१८ साली झाला. हे चारही सोहळे स्वस्तिश्री चारुकीर्ती भट्टारक स्वामीजींच्या नेतृत्वाखाली पार पडले. मार्च २०२३ मध्ये त्यांनी देह ठेवला. अभिषेक हा भक्तीचा विषय आहेच. परंतु व्यवहाराच्या अंगाने पाहिले तर दर बारा वर्षांनी मूर्तीभोवती मचाण उभे राहते, माणसे मस्तकापर्यंत पोहोचतात, रस्ते आणि पायऱ्या दुरुस्त होतात, आणि नवी पिढी त्या पाषाणाशी नाते जोडते. देखभालीचे काम धर्मविधीत गुंफले गेले, म्हणूनच ते शतकानुशतके टिकले. मचाणावरून केलेल्या पाहणीच्या कोरड्या अहवालाला एवढे आयुष्य खचितच लाभले नसते.

पहिल्या अभिषेकाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. चावुंडरायाच्या शेकडो कलशांचे दूध मूर्तीच्या पायांपर्यंत पोहोचेना. एका वृद्धेने फळाच्या करवंटीतून आणलेल्या ओंजळभर दुधाने मात्र सर्वांग न्हाऊन निघाले. त्या गुळ्ळकायज्जीची मूर्ती आजही बाहुबलींच्या समोर उभी आहे. ती कथा इतिहास म्हणून सांगता येणार नाही. परंतु सार्वजनिक स्थळी दात्याच्या वैभवासमोर सामान्य स्त्रीला कायमची जागा देणारी ही परंपरा किती जागरूक होती, हे त्या मूर्तीवरून कळते.

कारकळ, वेणूर आणि धर्मस्थळ

श्रवणबेळगोळचा कित्ता पुढे तुळुनाडूने गिरविला, परंतु नियोजन निराळे ठेवले. कारकळ येथे वीर पांड्याने इ. स. १४३२ मध्ये सुमारे ४२ फुटांची मूर्ती प्रतिष्ठित केली. ती अन्यत्र घडवून टेकडीवर चढविल्याचे वर्णन जुन्या कन्नड काव्यात येते. वेणूर येथे तिम्मण्ण अजिल याने १६०४ मध्ये ३५ फुटांची मूर्ती फल्गुनी नदीच्या परिसरात उभारली. चावुंडरायाने जागेवरच घडविण्याचा मार्ग निवडला. कारकळने घडवून नेण्याचा. पहिल्यात शिल्पकाराला डोंगरावर राहावे लागते, दुसऱ्यात पाषाणाला प्रवास घडतो. दोन्ही मार्ग योग्य; पण कोणता ते पहिल्या दिवशीच ठरले पाहिजे, कारण खर्चाचा अर्धा हिशेब त्यावर अवलंबून असतो.

आपल्याच हयातीत हा प्रयोग धर्मस्थळ येथे पुन्हा झाला. धर्माधिकारी रत्नवर्म हेगडे यांनी ३९ फुटांच्या मूर्तीचा संकल्प सोडला. कारकळचे शिल्पकार रेंजाळ गोपाळकृष्ण शेणॉय यांनी कारकळ परिसरातच ती एकसंध पाषाणातून घडविली. काम चालू असतानाच १९६८ मध्ये रत्नवर्मांचे निधन झाले आणि त्यांचे पुत्र वीरेंद्र हेगडे वयाच्या विसाव्या वर्षी धर्माधिकारी झाले. १९७३ मध्ये ती प्रचंड मूर्ती बहुचाकी वाहनावरून धर्मस्थळी आणली गेली आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये तिची प्रतिष्ठापना झाली. संकल्प पित्याचा आणि सिद्धी पुत्राची. मध्ये सुमारे दीड दशकाचा काळ गेला. मूर्ती आल्यावरही प्रतिष्ठेची घाई केली गेली नाही. आपल्याकडे महोत्सवाची तारीख आधी छापली जाते आणि मग शिल्पकाराकडे तगादा सुरू होतो. दगडाला आमंत्रणपत्रिकेतील मुहूर्त वाचता येत नाही.

महाराष्ट्राच्या भूमीत

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज-बाहुबली येथे प. पू. समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने १९६३ मध्ये २८ फुटांची संगमरवरी बाहुबली मूर्ती उभी राहिली. या क्षेत्राचे वैशिष्ट्य असे की मूर्तीच्या पायथ्याशी गुरुकुल आहे. रोज सकाळी विद्यार्थी ज्या मूर्तीकडे पाहतात, ती एकाकी राहत नाही. देखभालीसाठी माणसे शोधावी लागत नाहीत, ती तेथेच वाढत असतात.

नाशिक जिल्ह्यातील मांगीतुंगी येथे भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटांच्या मूर्तीची प्रेरणा प. पू. ज्ञानमती माताजींनी १९९६ मध्ये दिली आणि पंचकल्याणक प्रतिष्ठा महोत्सव फेब्रुवारी २०१६ मध्ये झाला. म्हणजे वीस वर्षे. यंत्रे, रस्ते आणि वीज हाताशी असूनही एवढा काळ लागला, कारण डोंगर तासून मूर्तीला पुरेल असा निर्दोष, अखंड पाषाण मोकळा करणे हेच स्वतंत्र कार्य होते. यंत्रयुगातही दगड आपल्याच चालीने चालतो.

धर्मक्षेत्राबाहेरचे एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा हा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींचा संकल्प. कोनशिला नोव्हेंबर १९२१ मध्ये बसली आणि मे १९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले. राजाराम महाराजांनी ते कार्य पुढे नेले आणि १९२८ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले. येथेही संकल्प एका पिढीचा आणि पूर्तता दुसरीची. सार्वजनिक कलाकृती एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही, म्हणूनच ती व्यक्तीपेक्षा संस्थेने हाती घ्यावी.

हात कोणाचे?

त्या पुतळ्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर. अलिबागजवळ सासवणे या त्यांच्या गावी आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. धर्मस्थळच्या शेणॉय यांचे नावही आदराने घेतले जाते. परंतु विंध्यगिरीवर तो पाषाण ज्याने जिवंत केला, त्याचे काय? परंपरेत अरिष्टनेमी हे नाव सांगितले जाते. मूर्तीच्या पायांशी मात्र तीन भाषा आहेत, करविणारे दोघे आहेत, आणि करणारा एकही नाही.

त्या काळच्या प्रथेला आज दोष देण्यात अर्थ नाही. कदाचित मूर्तीच्या मुखावरील ते मंद स्मित हीच त्या कलावंताची सही असेल. परंतु आजच्या काळात ती प्रथा चालू ठेवण्याचे कारण उरलेले नाही. आपल्या मंदिरांतील फलकांवर पाच हजारांपासून पाच लाखांपर्यंतचे दाते नावानिशी, गावानिशी आणि कित्येकदा फर्मच्या नावासह वाचायला मिळतात. ज्याने सहा-सहा महिने दगडाची भुकटी श्वासात घेतली, त्याचे नाव बिलाच्या फाईलखेरीज कोठेही नसते. समाज मुख्यतः व्यापारी असल्यामुळे आपण ‘करविणारे’ आहोत. त्यात कमीपणा नाही. परंतु प्रयोजक क्रियापदाला करविणारा जसा लागतो, तसा प्रत्यक्ष करणाराही लागतो. त्याचे नाव गाळले की वाक्य अपुरे राहते.

आपल्यापुढील कर्तव्य

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवात, १९७४-७५ साली, देशभर अनेक गावांत कीर्तिस्तंभ उभे राहिले. आपला ट्रस्टही त्याच भारलेल्या काळाचे अपत्य. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत व्यापारानिमित्त फिरताना मी यांतील कित्येक स्तंभ पाहिले. काही आजही प्रसन्न आहेत. काहींच्या कठड्यावर जाहिरातींचे फलक बांधलेले असतात, अक्षरे झिजलेली असतात, आणि भोवती फेरीवाल्यांच्या गाड्या लागलेल्या असतात. फेरीवाल्याला पोट आहे, त्याला बोल लावू नये. प्रश्न आपल्याला विचारला पाहिजे : उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून त्या स्तंभाचा मालक कोण होता?

वाणिज्य शाखेत आम्हांला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील भेद शिकविला गेला. स्मारक उभारणे हा भांडवली खर्च. त्यासाठी देणग्या उत्साहाने येतात, कारण नाव कोरले जाते. त्याची साफसफाई, दिवाबत्ती, दुरुस्ती हा महसुली खर्च. तो दरवर्षी येतो आणि त्यासाठी कोणाचेही नाव कोरले जात नाही. म्हणून माझी विश्वस्त मंडळास आणि सर्व साधर्मी बंधु-भगिनींस नम्र विनंती पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम, जागा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि तत्सम जागांवर पुतळे वा बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश दिला आहे. तेव्हा चौकाचा आग्रह सोडून, रस्त्यावरून दिसेल अशी आपल्या आवारातील दर्शनी जागा निवडणे हेच शहाणपणाचे. द्वितीय, मुदत. महोत्सव वर्षात संकल्प आणि शिलान्यास व्हावा. पूर्णत्वाची तारीख शिल्पकाराशी बोलून ठरावी. तृतीय, निधी. उभारणीसाठी जमलेल्या रकमेचा निश्चित हिस्सा ध्रुवफंडात ठेवून केवळ त्याच्या व्याजातून देखभाल व्हावी, आणि ही तरतूद झाल्याखेरीज पहिला दगड आणू नये. आणि जर एवढी तरतूद करणे या घडीला शक्य नसेल, तर नवे काही न उभारता आहे त्या जुन्या वास्तूची नीट दुरुस्ती करावी. तेही गंगराजाचेच काम होईल.

चतुर्थ आणि शेवटची विनंती फलकाविषयी. जे काही उभे राहील त्याच्या पायथ्याशी तीनच ओळी असाव्यात. पहिली, समाजाने करविले. दुसरी, अमुक शिल्पकाराने घडविले. तिसरी ओळ कोरी सोडावी. पन्नास वर्षांनंतर, शतकमहोत्सवाच्या वेळी, ज्या पिढीने ते सांभाळलेले असेल, तिने तेथे आपले नाव कोरावे. तोपर्यंत ती कोरी जागा प्रत्येक विश्वस्ताला त्याच्या जबाबदारीची आठवण देत राहील.

श्रवणबेळगोळच्या पाषाणाने एक हजार वर्षे ऊन-पाऊस सोसला, तो एकट्या चावुंडरायाच्या ऐश्वर्यामुळे नव्हे. त्याच्यामागे अज्ञात हातांचे कौशल्य होते आणि पुढे गंगराजापासून आजच्या मठापर्यंत सांभाळणाऱ्यांची अखंड रांग होती. आपल्या संस्थापकांनी पन्नास वर्षांपूर्वी पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या ओळीची पाळी आता आपली आहे.

जय जिनेंद्र!